हरण्यासाठी मागितलेली तारीख

दिया आणि नील, हा लेख तुमच्यासाठी आहे. तो इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात छापून येतो आहे, कारण संपादक मीनलने मागे लागून तो माझ्याकडून लिहून घेतला. पण लिहिताना डोळ्यांसमोर तुम्ही दोघं आहात. तुमची आई वाचून दाखवेल. तिला वेळ नसेल तर फोन करा, मीच वाचून दाखवीन. नोकरी सुटल्यापासून माझ्याकडे वेळच वेळ आहे.

मीनलला खरं तर 'सौदीतलं बदलतं स्त्रीजीवन' या विषयावर लेख हवा होता. एवढा मोठा विषय मला पेलणार नाही, मी बास्केटबॉलवर लिहीन, असं मी तिला सांगितलं. ती फोनवर म्हणाली, "काकू, तुम्ही बास्केटबॉल खेळायचात?"

मी आयुष्यात एकदाही चेंडू त्या कड्यातून टाकलेला नाही. पण नोकरीची शेवटची वर्षं मी मुलींच्या बास्केटबॉलचे सामने लावण्यात घालवली, आणि घरात कोणालाच ते काम नीट ठाऊक नाही. तुमचे आजोबा पाहुण्यांना सांगायचे, "विद्या ऑफिसात असते."

मध्यंतरी दियाचा ओहायोहून फोन आला. तिच्या कॉलेजचा संघ जवळजवळ सगळे सामने जिंकला होता आणि तरीही मोठ्या स्पर्धेसाठी निवडला गेला नव्हता. "आजी, वी वन ऑलमोस्ट एव्हरीथिंग," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. मी विचारलं, "कोणाशी खेळलात ग?" "तुला कसं माहीत?" ती एकदम म्हणाली. तिच्या कोचनेही त्याच दिवशी संघाला हेच विचारलं होतं. आजीला हे कसं माहीत, त्याची ही गोष्ट.

रियाधमधल्या एका खासगी विद्यापीठाच्या मुलींच्या विभागात मी क्रीडा कार्यालय सांभाळत होते. कार्यालय म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि जिमकडे उघडणारी एक खिडकी. त्याआधी मी तिथेच परीक्षा विभागात होते. मुलींचे संघ सुरू झाले तेव्हा वरच्या लोकांनी विचार केला, वेळापत्रक न चुकता लावणारी बाई म्हणजे मिस विद्या, तिलाच इकडे पाठवा. मला खेळातलं काही कळत नाही, असं मी सांगून पाहिलं. "खेळायचं कुठे आहे? तारखाच तर लावायच्या आहेत," असं उत्तर आलं. तेव्हा ते मलाही पटलं.

आता हे काम काय असतं ते सांगते. आमच्या हंगामाचे दोन भाग असत. दुसरा भाग गटाचा. शहरातली काही विद्यापीठं एका गटात, त्यांचे आपसातले सामने आयोजकच ठरवून देत, त्यात आमचा हात नसे. पहिला भाग मोकळा. कोणाशी खेळायचं, कुठे, कधी, हे ज्याचं त्याने ठरवायचं. यांना आम्ही बाहेरचे सामने म्हणायचो आणि हीच माझी जहागीर. दोन्ही भाग संपले की अखेरची मोठी स्पर्धा, देशभरातल्या मोजक्या संघांची. गटात पहिला येईल तो संघ सरळ आत. उरलेल्या जागा निवड समिती भरते, आणि खरी गोम तिथे आहे. समिती किती सामने जिंकलात एवढंच बघत नाही, कोणाशी जिंकलात तेही बघते. नील, तुला समजेल असं सांगायचं तर दहावीतल्या मुलाने चौथीचा पेपर सोडवून पैकीच्या पैकी गुण आणले म्हणून त्याला कोणी अकरावीत घालत नाही.

एक तारीख लावायची म्हणजे जिम मोकळं हवं, समोरच्या संघाला ती चालायला हवी, बाई पंच मिळायला हव्यात. पंच बायका शहरात मोजक्याच, त्यांतल्या दोघी सख्ख्या बहिणी. एकीच्या घरी लग्न निघालं की दुसरीही गेलीच. मग बस, नर्स, पाणी आणि पाहुण्यांचं जेवण. जेवणात मी कधी कसूर होऊ दिली नाही. इथे पाहुणा संघ हरून गेलेला चालतो, उपाशी गेलेला चालत नाही.

आमच्या विभागप्रमुख होत्या डॉक्टर सलवा. हुशार आणि कामसू बाई. मुलींसाठी जिम त्यांनी अक्षरशः भांडून मिळवलं होतं. वरच्या बैठकीत त्यांना दर वेळी एकच प्रश्न विचारला जाई, "मुली खेळतात ते ठीक, पण जिंकतात का?" म्हणून त्यांना विजय हवे असत. मला म्हणायच्या, "मिस विद्या, मुलींचा आत्मविश्वास वाढेल असे सामने लावा." असे सामने म्हणजे नवे, छोटे, लांबचे संघ. ते हौसेने येत. कुवेतच्या हद्दीजवळच्या अल खफजीचं एक लहानसं कॉलेज दर वर्षी यायचं. पहाटेच निघायच्या बिचाऱ्या. दुपारी आमच्याकडून सपाटून हरायच्या, पोटभर कब्सा, म्हणजे इथला मसालेदार मटणभात, खायच्या, आमच्या जिमच्या लाकडी जमिनीचं कौतुक करायच्या आणि हसत परत जायच्या.

त्या काळात आमची कॅप्टन होती रीम. लांब हातांची, शांत मुलगी. चेंडू हातात आला की आधी आजूबाजूला बघणारी. तिच्या शेवटच्या वर्षी आम्ही बाहेरचा एकही सामना हरलो नाही. दर्शनी भिंतीवर फोटो लागत होते, डॉक्टर सलवा बैठकीहून खुशीत येत होत्या. गटात मात्र आमचा दुसरा नंबर आला, म्हणून समितीच्या निवडीकडे डोळे लागले. एवढे विजय असताना आपल्याला कोण डावलणार, असं सगळ्यांनाच वाटत होतं.

फोन माझ्याच टेबलावर आला. आम्ही नव्हतो.

मुली जिममध्ये वाट बघत बसल्या होत्या. मी सांगितलं. कोणी रडलं, कोणी समितीला नावं ठेवली. रीमने तिसरंच विचारलं. "मिस, आपण कोणाकोणाला हरवलं होतं?"

मी एकेक नाव घ्यायला लागले. तिसऱ्या नावाला माझी मीच थांबले, कारण शेजारची लहान मुलं कोण कोण आहेत ते ऐकावं तशी ती मान डोलावत होती.

"म्हणजे आपल्याला खरं कोणी बघितलंच नाही," ती म्हणाली. रागाने नाही, एखाद्या गणिताचं उत्तर सापडावं तसं. पदवी घेऊन ती गेली. तिचे वडील खफजीला समुद्रातल्या तेलाच्या कामावर होते, ती तिकडेच राहायला गेली. दर ईदेला तिचा निरोप यायचा, तेवढाच संबंध उरला.

पुढच्या हंगामाला नवी कोच आली, हैफा. घरामागच्या अंगणात भावांबरोबर खेळून शिकलेली, तिशीतली सौदी मुलगी. पहिल्याच दिवशी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"गेल्या वर्षीचं वेळापत्रक कोणी लावलं?"

"मी."

"फार छान लावलंय. एक तारीख चुकलेली नाही."

"शुक्रन."

"आता ते विसरून जा, मिस विद्या. मला आपल्याला हरवतील असे संघ हवेत."

डॉक्टर सलवांच्या खोलीत यावर चांगलीच जुंपली. "हरायचंच असेल तर मिस विद्याला कामाला कशाला लावतेस?" त्या म्हणाल्या. "हरणं आपोआप होतं." हैफाने रीमच्या हंगामाची आठवण करून दिली. शेवटी सलवा म्हणाल्या, "एक हंगाम देते. मला फिटनेसच्या वर्गांसाठी संध्याकाळचं जिम मागणारे रांगेत उभे आहेत. या वर्षीही अखेरच्या स्पर्धेत गेलो नाही आणि वर पराभवांची माळ असली, तर मी त्यांना नाही म्हणू शकणार नाही."

म्हणजे संघाची संध्याकाळच जायची. दिवसा मुलींचे वर्ग असत. संध्याकाळ गेली की सराव संपला, सराव संपला की संघ संपला. हे हैफाने मुलींपासून लपवलं नाही.

आता माझी कसोटी. कच्चा संघ बोलावणं सोपं असतं. पक्का संघ तुमच्याशी का खेळेल? तो जिंकला तर लोक म्हणणार, त्यात काय. हरला तर तोंड दाखवायला जागा नाही. त्याला मिळवण्यासारखं काही नसतं, फक्त घालवण्यासारखं असतं. शहरातला सगळ्यांत तगडा संघ एका जुन्या विद्यापीठाचा, आमच्या गटाबाहेरचा. तिथलं खेळाचं सगळं उम्म तुर्की या बाई बघायच्या. उम्म तुर्की म्हणजे तुर्कीची आई. आपल्याकडे जुन्या बायकांना 'बंडूची आई' म्हणत तसंच. त्यांच्या कार्यालयाला मी ईमेल पाठवले, फोन केले, पुन्हा ईमेल पाठवले. उत्तर यायचं, इन्शाल्ला. हा शब्द इतकी वर्षं ऐकते आहे की तो कुठला होकार आणि कुठला नकार ते मला आवाजावरून कळतं. हा नकार होता.

घरी मी हे सांगितलं तेव्हा तुमचे आजोबा पेपर खाली न ठेवता म्हणाले, "तू मोठ्या घरचं स्थळ आणायला निघाली आहेस. ते लोक नाही म्हणत नसतात. 'कळवतो' म्हणतात."

नवी कॅप्टन होती नूफ. संघातली सगळ्यांत बुटकी आणि सगळ्यांत मोठ्या आवाजाची. तिचंही शेवटचं वर्ष. मी कितवातरी ईमेल लिहीत असताना ती मागून डोकावली.

"मिस, तुम्ही हे लिहून मागताय?"

"मग कसं मागू?"

"असं लिहून मागितलं तर माझी आजीसुद्धा देणार नाही. आपण जाऊ या."

हैफाने गाडी काढली आणि आम्ही तिघी गेलो. उम्म तुर्कींची खोली आमच्या जिमएवढी नसेल, पण तशी वाटत होती. भिंतीला लागून बैठक, मध्ये ठेंगणं टेबल, खजूर. उम्म तुर्की साठीच्या, ताठ बसणाऱ्या, चष्मा साखळीला लावलेला. त्यांच्या मदतनीस बाईने दल्ल्यातून, म्हणजे लांब चोचीच्या किटलीतून, आम्हाला गहवा दिला. गहवा म्हणजे इथली वेलदोड्याची फिकी कॉफी, बिनदांड्याच्या चिमुकल्या पेल्यात. बोलणं सुरू झालं ते माझ्या नातवंडांपासून. रियाधमध्ये कामाचं बोलणं शेवटी येतं, आणि पुष्कळदा येतच नाही.

माझा पेला संपला. नको असलं की पेला हलवून परत द्यायचा, एवढी रीत मला माहीत होती, ती मी पाळली. बघते तर नूफने तिचा पेला हातात घेतला, क्षणभर धरला, आणि भरलेला तसाच समोर टेबलावर ठेवून दिला.

मला वाटलं हिला गहवा आवडत नाही. मी कोपराने ढोसलं आणि हळूच म्हटलं, "पी ग, बरं दिसत नाही ते."

नूफ हलली नाही. उम्म तुर्की बोलता बोलता थांबल्या होत्या. त्यांची नजर नूफच्या पेल्यावर होती. किटली धरलेली बाईही जागच्या जागी उभी राहिली होती. हैफाने मान खाली घातली होती, पण तिचा कान माझ्या बाजूला होता आणि तो लाल झालेला मला दिसत होता.

ही इथल्या टोळ्यांची जुनी रीत आहे, हे मला नंतर गाडीत कळलं. मागणं घेऊन आलेला पाहुणा आपला पेला न पिता खाली ठेवतो. मग यजमानाने विचारायचं, काय हवं आहे. आणि यजमान जोवर हो म्हणत नाही तोवर पाहुणा पीत नाही. मागणं नाकारलं आणि पाहुणा न पिता उठून गेला तर ती यजमानाला कमीपणा आणणारी गोष्ट. त्यामुळे कोणी ऊठसूट असं करत नाही.

"तू कोणाची?" उम्म तुर्कींनी विचारलं. नूफने वडिलांचं, आजोबांचं आणि घराण्याचं नाव सांगितलं.

"हे आजोबांनी शिकवलं?"

"त्यांना करताना बघितलंय, खाला." खाला म्हणजे मावशी.

"कशासाठी केलं होतं त्यांनी?"

"माझ्या काकांसाठी मुलगी मागताना."

"लोक खुनाचे तंटे मिटवायला करतात, मुली मागायला करतात. तुला काय हवंय?"

"एक तारीख."

"कसली तारीख?"

"सामन्याची. तुमच्या पहिल्या संघाशी. दुसऱ्या संघाशी नको."

उम्म तुर्कींनी चष्मा काढला. "मुली, तुम्ही फार वाईट हराल."

"हो, खाला. म्हणूनच आलेय."

मी इतक्या वर्षांत नोकरीच्या मुलाखती पाहिल्या, परीक्षेतली गयावया पाहिली, लग्नाची बोलणी पाहिली. पण हरण्याची संधी कोणी इतक्या सरळ मानेने मागताना मी पाहिलं नव्हतं. मुलींना धीट करण्यासाठी आम्ही इतकी वर्षं सोपे सामने शोधत होतो, आणि ही धीट मुलगी आमच्यासमोर पेला खाली ठेवून बसली होती.

उम्म तुर्की हसल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा सैल झाला. "पी," त्या म्हणाल्या. "गार होतोय. तुझं काम झालं." नूफने पेला उचलला, तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, "पण एक नाही, दोन तारखा. एक आत्ता, एक हिवाळ्याच्या सुट्टीनंतर. दोन्ही आमच्याकडे. आणि दुसऱ्या वेळी याच मुली पुन्हा तशाच आल्या, तर तुमच्या मिसने मला पुन्हा ईमेल पाठवायचा नाही."

मी म्हटलं, "इन्शाल्ला." आयुष्यात पहिल्यांदा माझ्या इन्शाल्लावर एक सौदी बाई खळखळून हसली.

पहिल्या सामन्याचं वर्णन मी लांबवत नाही. त्यांच्या मुली आमच्या मुलीच्या हातात चेंडू पडला की दोघी-दोघी मिळून तिला घेरायच्या, तेही अर्ध्या मैदानाच्या अलीकडेच. आमच्या मुलींना चेंडू मधल्या रेषेपलीकडे नेताच येईना. खफजीच्या मुलींनी आम्हाला असं कधी घेरलंच नव्हतं, मग सवय कुठून असणार? नूफ तर दोन उंच मुलींमध्ये दिसेनाशी व्हायची, नुसता आवाज ऐकू यायचा.

आमच्या बसवर मुश्ताकभाई होते, दापोलीकडचे. पुरुष असल्यामुळे ते जिममध्ये कधी आले नाहीत, पण निकाल त्यांना आधी कळायचा. मुली बसमध्ये चढल्या आणि ते मला हळूच म्हणाले, "ताई, आज जास्तच झाला काय?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"पोरी पिशव्या ठेवतायत. थोडक्यात हारल्या का टाकतात."

उम्म तुर्की आमच्याशी खेळल्या हे शहरभर झालं, आणि मग 'कळवतो' म्हणणारी दोन-तीन दारं उघडली. आम्ही त्यांच्याकडे जायचो, त्यांना सोयीची वेळ घ्यायचो आणि हरायचो. निघताना मुश्ताकभाई गाडी सुरू करून विचारायचे, "आज पन हारायलाच जायचा ना? मग घाई कशाला करताव?" पहिल्यांदा मुली रागावल्या, मला त्यांना अर्थ सांगावा लागला होता. पुढे त्याच त्यांना विचारायला लागल्या, "मुश्ताक, घाई आहे का नाही?"

मधेच डॉक्टर सलवांनी मला बोलावलं. त्या खरंच काळजीत होत्या. "मिस विद्या, एक तारीख मोकळी आहे ना? खफजीला बोलवा. एक विजय तरी भिंतीवर लावू दे मला." तारीख मोकळी होती. खफजीच्या बाईंचा फोनही येऊन गेला होता, या वर्षी कधी येऊ म्हणून. मी हैफाला विचारलं. ती म्हणाली, "त्या दिवशी आपल्याला काहीच शिकायला मिळणार नाही. सराव ठेवू." मी खफजीला फोन करून या वर्षी जमणार नाही असं सांगितलं. "माफी मुश्किला," पलीकडून आवाज आला, काही हरकत नाही. त्या बाईंनी कारणसुद्धा विचारलं नाही, आणि तेच मला लागलं.

त्या सरावाच्या दिवशी मी खिडकीतून बघत होते. हैफाने नूफभोवती तीन मुली उभ्या केल्या होत्या. नूफने घेरा पडायच्या आधीच चेंडू सोडून द्यायचा आणि स्वतः मोकळ्या जागेत पळायचं, एवढंच पुन्हा पुन्हा. बुटक्या मुलीला दोन उंच मुलींच्या वरून बघता येत नाही, पण त्या येण्याआधी बघता येतं. माझ्यासारखीलाही ते समजलं, म्हणजे शिकवणारी किती चांगली असेल बघा.

सुट्टीनंतर आम्ही पुन्हा उम्म तुर्कींच्या जिममध्ये गेलो. या वेळी चेंडू रेषेपलीकडे जात होता. अर्धा सामना उलटला तरी त्यांच्या कोचने जिंकलोच समजून दुसरा संघ उतरवायचा विचारही केला नाही. अगदी शेवटी आम्ही एका बास्केटने हरलो. मुली बसमध्ये चढल्या आणि पिशव्या अशा आपटल्या की मुश्ताकभाई खुशीत स्टिअरिंगवर ताल धरून बसले. निघायच्या आत उम्म तुर्कींची मदतनीस धावत आली आणि खजुरांचा मोठा डबा बसच्या दारात ठेवून गेली. निरोप काही नव्हता.

गटात आमचा पुन्हा दुसराच नंबर आला. पुन्हा समिती, पुन्हा फोन. या वेळी आमच्या नावापुढे रीमच्या वर्षापेक्षा कितीतरी कमी विजय होते, आणि डॉक्टर सलवा माझ्या खोलीत येऊन माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या. फोन वाजला. समितीच्या बाई नमस्कार-चमत्कार झाल्यावर म्हणाल्या, "तुमच्या संघाला जागा दिली आहे. तुमचे पराभव आम्ही नीट वाचले. विशेषतः उम्म तुर्कींकडचे दोन, एकाशेजारी एक ठेवून."

मी वळून सलवांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मग एकदम मला म्हणाल्या, "बसल्यात काय? यल्ला, मुलींना सांगा." नूफ डोक्यावर टॉवेल घेऊन बाकावर बसली होती. मी सांगितल्यावर तिने टॉवेल काढला नाही. टॉवेलच्या आतून आवाज आला, "मिस, खरंच?" तो आवाज नूफच्या मानाने इतका लहान होता की मी दुसऱ्यांदा सांगितलं.

अखेरच्या स्पर्धेत आम्ही एक सामना जिंकलो आणि पुढच्यात उम्म तुर्कींच्याच मुलींकडून हरलो. डॉक्टर सलवांनी त्या हरलेल्या संघाचा फोटो दर्शनी भिंतीवर लावला. संध्याकाळचं जिम मुलींकडेच राहिलं.

तर दिया, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. पण गोष्टीचा एक तुकडा राहिला आहे आणि तो सांगितल्याशिवाय मला थांबता येणार नाही.

त्यानंतर आम्ही तगड्या संघांत मोजले जायला लागलो. आता लहान कॉलेजांचे ईमेल मला यायचे. आमच्याशी खेळा, आम्ही येतो, कधीही येतो. हैफाचं गणित पक्कं होतं. त्यांच्याशी खेळून समितीपुढे आमचं वजन घटणार. मी त्या सगळ्यांना अतिशय नम्र, नीटनेटकी उत्तरं पाठवायचे. तुमचे आजोबा एकदा मागून वाचत होते. म्हणाले, "वा. तुम्ही आता मुलाकडचे झालात."

माझ्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी दारावर टकटक झाली. रीम होती. अंगावरचा अबाया धुळीने भरलेला, हातात गाडीची किल्ली. खफजीहून एकटी गाडी चालवत आली होती. त्या लहान कॉलेजात ती आता खेळाची शिक्षिका झाली होती, हे मला तिने तिथेच सांगितलं. ती मला निरोप द्यायला आली आहे असं समजून मी तिला मिठी मारली. हैफाला हाक मारली, दोघींची ओळख करून दिली. हैफाने तिच्या थर्मासमधला गहवा पेल्यात ओतून रीमच्या हातात दिला. मी नातवंडांचे फोटो दाखवायला फोन काढला.

रीमने पेला समोर ठेवून दिला. भरलेला.

आता मला अर्थ माहीत होता. मी फोन बाजूला ठेवला आणि रीतीप्रमाणे विचारलं, "काय हवंय, रीम?"

"तारीख, मिस."

मग रीम हैफाकडे वळून म्हणाली, "कोच, तुमचं नुकसान आहे हे मला समजतं. मी या जिममध्ये खफजीच्या मुलींना किती वेळा हरवलंय. त्या हसत जायच्या. मला वाटायचं, यांना हरण्याचं काहीच कसं वाटत नाही. आता मी त्यांच्याबरोबर बसमध्ये असते. आमच्याशी कोणी खेळतच नाही, दोन वर्षं झाली."

खिडकीतून चेंडूचा आवाज येत होता. मी हैफाकडे बघितलं. तिला मान हलवून नाही म्हणायला पूर्ण सवड होती. ती पेल्याकडे बघत होती, उम्म तुर्की बघत होत्या अगदी तशी.

गहवा हैफाचा होता, पण टेबल माझं होतं, आणि तारखा आठवडाभर अजून माझ्याच हातात होत्या.

"पी," मी म्हटलं. "तुझं काम झालं."

हैफाने एक मोठा श्वास सोडला. "एक नाही," ती म्हणाली. "दोन. दुसरी आम्ही खफजीला येऊन खेळू. आणि तेव्हा तुझ्या मुली तशाच असल्या तर बघ."

रीमने मान डोलावली. या वेळी ते डोलावणं लहान मुलांची नावं ऐकल्यासारखं नव्हतं. पेल्यातला गहवा एव्हाना गार झाला होता. मी म्हटलं, "दुसरा ओतते, गरम आहे."

"नको, मिस. हाच," ती म्हणाली, आणि प्यायली.